माझ्या फोनचा आवाज कोण खातं?

५ जानेवारी, रविवार

ही वही आजपासून. कागदाची, मुद्दामच. फोनमध्ये लिहिलेलं कुठे कुठे जातं ते कोणी छातीठोक सांगू शकत नाही. वही कुठे जाते ते मला माहीत आहे. कपाटात, स्वेटरांच्या खाली.

मुद्दा असा की माझ्या फोनचा आवाज कोणीतरी कमी करतं आहे.

लेक दुसऱ्या शहरात नोकरीला. दर रविवारी सकाळी दहाला फोन करते. पूर्वी तिचा शब्दन् शब्द स्वच्छ यायचा. आता ती तोंडावर उशी धरून बोलल्यासारखी वाटते. आवाजाची रेघ शेवटपर्यंत वर नेली आहे, वर स्पीकर चालू. तरी तेच. मध्यंतरी फोनने आपलं आपण अपडेट घेतलं. मी परवानगी दिली नव्हती. (दिली असल्यास आठवत नाही.) फोनला सहा वर्षं झाली, आता या माणसाने नवा घ्यावा म्हणून कंपनीने आतून नस आवळली. उघड आहे.

लेक म्हणाली, बाबा, घ्या ना आता नवा अँड्रॉइड. हीसुद्धा त्यांच्यातच!

संकल्प: नवा फोन घ्यायचा नाही. डाव ओळखलेला आहे.

७ जानेवारी

उद्या ही वही पुरावा म्हणून कोणापुढे ठेवायची वेळ आली तर, म्हणून माझ्या कामाबद्दल लिहून ठेवतो. आमच्या कारखान्यात ग्राइंडिंगची, म्हणजे लोखंड घासायची, चाकं बनतात. मी तपासणी विभागात, सव्वीस वर्षं. भट्टीतून आलेलं प्रत्येक चाक दांड्याला टांगायचं, लाकडी हातोडीने ठोकायचं आणि ऐकायचं. खणखणीत वाजलं तर पास. बद्द वाजलं तर आत तडा. तडकलेलं चाक मशीनवर चढवून फिरवलं की फुटतं, आणि समोरच्या माणसाचं मग जे होतं ते इथे लिहीत नाही. सव्वीस वर्षांत माझ्या हातून असं एकही चाक बाहेर गेलेलं नाही.

ज्याचा कान असा, त्याला मोबाइल कंपनी बनवणार?

आज ३८ चाकं रिजेक्ट केली. पूर्वी दिवसाला दोन-तीन निघायची. भट्टीवाल्यांचं काम फारच ढासळलं आहे.

१२ जानेवारी, रविवार

गंभीर प्रकार.

सकाळी लेकीने फोनवर सांगितलं की ती घर बदलते आहे. मी हॉलमध्ये खिडकीजवळ बसून अगदी हळू आवाजात बोललो. संध्याकाळी जिन्यात शेजारी भेटले. म्हणाले, अभिनंदन, लेकीला नवीन घर मिळालं. पण तिसरा मजला आणि लिफ्ट नाही, तेवढा विचार करायला सांगा. मला दरदरून घाम फुटला. मी कोणाला बोललो नव्हतो. बायकोला विचारलं, तीही नाही. माणसाला मजल्यासकट माहिती!

चहा पिताना उलगडा झाला. फोनचा आवाज मला कमी येतो. मग उरलेला जातो कुठे? तो बाहेर जातो. इकडचा नळ बारीक केला की तिकडे धार वाढते, तसं.

बायकोला हे समजावून सांगितलं. ती काहीतरी पुटपुटली. ही हल्ली फार पुटपुटते. त्यातही काहीतरी काळंबेरं आहे, पण एका वेळी एकच तपास.

१५ जानेवारी

बसमधून डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला. मूळव्याधीसाठी वेळ मागितली. खाजगी बाब, म्हणून तोंडावर हात धरून बोललो. उतरताना पुढच्या सीटवरच्या, पूर्णपणे अनोळखी गृहस्थांनी खांद्यावर हात ठेवला आणि गरम पाण्यात बसत जा, म्हणून सांगितलं.

यांची माणसं बसमध्येसुद्धा आहेत.

संकल्प: फोनवर फक्त हवापाण्याचं बोलायचं.

१९ जानेवारी, रविवार

शत्रूची ताकद माहीत असावी म्हणून फोनच्या दुकानात गेलो. विकत घ्यायला नव्हे. दुकानदाराने चार नवे अँड्रॉइड काढले. कॅमेरे, बॅटरी, काय काय सांगत होता. मी म्हटलं ते राहू दे, गाणं वाजव. चारही फोन मिणमिणते! सगळ्यात महाग तो सगळ्यात मिणमिणता. म्हणजे सगळ्या कंपन्या आतून मिळालेल्या आहेत.

आणखी वाढव म्हटलं. त्याने रेघ टोकाला नेली. रस्त्यावरचे लोक थांबून आत बघायला लागले, गर्दी काय जमली कोण जाणे. एका बाईच्या कडेवरचं बाळ रडायला लागलं. निदान तोंडावरून तरी तसं दिसलं.

दुकानदार विचारतो, काका, कान दाखवलेत का कुणाला? मी म्हणालो, माझे कान कारखाना रोज बघतो. आणि बाहेर पडलो. उद्धट माणूस.

२३ जानेवारी

कारखान्यात आरोग्य तपासणी. डोळे उत्तम. ब्लडप्रेशर जरा जास्त, ते फोनमुळे. मग कान. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि आवाज आला की बटण दाबा, म्हणून सांगितलं. बराच वेळ बसलो. मशीन बंद! काचेवर टकटक करून सिस्टरना सांगितलं की तुमचं यंत्र बिघडलं आहे. त्यांनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं. कंपनी एवढा पैसा खर्च करते आणि यंत्र असलं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून अधूनमधून अंदाजाने बटण दाबलं.

२८ जानेवारी

रिपोर्ट आला. त्यात लिहिलंय, कानांची पुन्हा तपासणी आवश्यक. म्हणजे यंत्र बिघडलेलं होतं हे त्यांनी लेखी कबूल केलं. रिपोर्ट वहीत चिकटवला.

आज ६१ रिजेक्ट. भट्टीवाला पाय आपटत आला. ती ६१ चाकं घेऊन गेला आणि फिरवून बघायच्या मशीनवर दीडपट वेगाने फिरवली. एकही फुटलं नाही, म्हणतो. मी म्हटलं, मशीनचंही अपडेट झालं असेल. तो डोक्याला हात लावून निघून गेला. बोलतीच बंद केली.

समोरच्या टेबलावरची चष्मेवाली हळूच म्हणाली, काका, मी एकदा ठोकून बघू का? अकरा वर्षांपूर्वी हिला हातोडी धरायला मी शिकवलं. मी म्हणालो, तुला कान चष्मा अडकवायला दिलेत. ती हसली नाही. तीही हल्ली पुटपुटायला लागली आहे. सगळ्यांना एकाच वेळी कुजबुजायची साथ कशी येते? कुठेतरी पाणी मुरतंय.

१ फेब्रुवारी

सापळा ठरला.

फोनवर एक खोटी बातमी सोडायची. इतकी खोटी की माझ्याखेरीज जगात कोणाला सुचणार नाही. मग ती कुठे निघते ते बघायचं. बायकोला सांगितलेलं नाही. लेकीलाही नाही. तपासात नाती आड येतात.

३ फेब्रुवारी, दुपार

कॅन्टीनमधून लेकीला फोन केला. कोपऱ्यातलं टेबल, भिंतीकडे तोंड, आवाज जेमतेम ओठांबाहेर. सांगितलं की मी थकलो, २८ तारखेला नोकरी सोडतो. पलीकडून काहीच ऐकू आलं नाही. ऐकणाऱ्यांची तंतरली असणार.

वळून पाहिलं तर अख्खं कॅन्टीन जेवायचं थांबलेलं. घास हातात. जेवणातच काहीतरी निघालं असावं.

४ फेब्रुवारी

पकडले! रंगेहाथ!

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि अगदी जवळ खुर्ची ओढून बसले. म्हणाले, तुम्ही सोडताय असं कळलं. चोवीस तासही झाले नव्हते! पुढे म्हणाले, निर्णय योग्य आहे. कित्येक महिने मलाच तुमच्याशी बोलायचं होतं, पण धीर होत नव्हता. त्यांचे डोळे ओले झाले होते. मुरलेला माणूस.

मी नाही म्हटलं नाही. अजून खोल जाऊ दे म्हटलं. मान हलवली. ते उठून माझ्या पाया पडायला आले, मी अडवलं.

योजना: २८ तारखेला निरोप समारंभात, सगळ्यांसमोर, खिशातून कागद काढून वाचायचा. फोनच्या गळतीचं पितळ तिथेच उघडं पाडायचं.

१० फेब्रुवारी

आज फोन घेतला. अँड्रॉइड, नवा.

याला अपग्रेड म्हणता येणार नाही. जुना फोन आता पुरावा आहे. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी डब्यात ठेवली आहे. पुरावा वापरता येत नाही, म्हणून दुसरं यंत्र लागलं, इतकंच. दुकानदार ओळख असल्यासारखा हसला. बायकोशी बराच वेळ काहीतरी बोलला. ती मान डोलवत होती.

नवाही मिणमिणताच. अपेक्षित होतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

लेक आली आहे. नोकरीची बातमी ऐकल्यापासून तिचे फोनवर फोन येत होते, मी हवापाण्याचं बोलत होतो. शेवटी तीच आली. नोकरीचं मी गूढ हसून टाळलं. तिने माझा नवा फोन घेतला, आत काय काय चालू केलं आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवला. मग काहीतरी बोलली. तिचे शब्द पडद्यावर उमटले, मराठीत: बाबा, हे आता जवळ ठेवत जा.

कोणी काहीही बोललं की हा फोन लिहून दाखवतो! एवढं भारी हत्यार शत्रूने आपल्याच हाताने मला दिलं. लेकीला म्हटलं, आता सगळ्यांची कुजबुज पकडतो. तिने डोळे पुसले. माझा अभिमान वाटला असेल.

फोन थोडा खोटं बोलतो मात्र. संध्याकाळी पडद्यावर तीनदा आलं, दाराची बेल. बेल वाजलीच नव्हती. खात्रीसाठी दार उघडलं. कुरिअरवाला उभा होता, घामाघूम, जिन्याकडे वळलेला. योगायोग.

२२ फेब्रुवारी

कागद लिहिला. तीनदा फाडला, चौथ्यांदा जमला. शेवट असा आहे: नोकरी सोडण्याचा विचार माझ्या स्वप्नातही आलेला नाही. उद्यापासून मी नेहमीप्रमाणे साडेसातला हजर आहे.

लिहिताना एक विचार आला. ते काम गेलं तर सकाळी उठून मी करायचं काय? सव्वीस वर्षं लोक माझ्या कानाच्या भरवशावर त्या चाकांपुढे उभे राहिले. बाकी मला येतं काय?

पण जाणार नाहीच आहे. सापळा आहे हा.

बायको म्हणाली (वाचलं), सोडा खरंच, पुष्कळ केलंत. हिला नंतर विचारायचं आहे.

२८ फेब्रुवारी, सकाळ

इस्त्रीचा शर्ट. कागद डाव्या खिशात, फोन उजव्या. आज सोक्षमोक्ष.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळ

समारंभ आमच्याच विभागात. टेबलं भिंतीला लावली होती. फोन माझ्यापुढे, पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला. साहेबांचं भाषण पडद्यावर सरळ उमटलं. चांगलं होतं. मग चहा, आणि लोक आपसांत बोलायला लागले. याचीच वाट बघत होतो. फोन जरा पुढे सरकवला.

भट्टीवाला आणि चष्मेवाली, माझ्यापासून दोन हातांवर. जे उमटलं ते जसंच्या तसं:

सहा महिने तूच करत होतीस सगळं?

हो. काकांनी रिजेक्ट केलेली परत ठोकायची. पास केलेलीही. एकही सोडलं नाही.

कधी करायचीस?

दुपारच्या सुट्टीत. ते जेवायला गेले की.

सांगायचंस ना त्यांना.

मला हातोडी धरायला त्यांनी शिकवलं. मी कुठल्या तोंडाने सांगू, काका, तुम्हाला ऐकू येत नाही?

मान वर केली. कोणी कुजबुजत नव्हतं. चष्मेवालीच्या मानेची शीर ताणलेली होती. चहाच्या गलक्यात आवाज पोचावा म्हणून ती चक्क ओरडून बोलत होती. माझ्याकडे तोंड करून. मला काही कळणार नाही याची तिला खात्री होती. आणि तिचं बरोबरच होतं. मला फक्त ओठ हलताना दिसत होते.

तिने पास केलेलीही ठोकली, हे मी पुन्हा वाचलं. तिने ठोकली नसती तर?

साहेबांनी माइक हातात दिला. दोन शब्द बोला, असं पडद्यावर आलं. डावा खिसा चाचपला. कागद होता. काढला नाही. म्हटलं, चष्मेवालीचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे, आता तिच्याच शब्दावर चाकं बाहेर जाऊ देत. एवढंच बोलून माइक परत दिला. पडद्यावर आलं, टाळ्या. मान वर करून बघितलं. वाजवत होते खरंच.

घरी आल्यावर फोन दोघांच्या मध्ये ठेवला आणि बायकोला विचारलं, तू मोठ्याने बोलायला कधीपासून लागलीस?

तिने आवाज चढवला नाही. नेहमीच्या आवाजात बोलली असावी, कारण मला काही म्हणता काही ऐकू आलं नाही. फोनने लिहिलं: दोन वर्षं झाली. घसा दुखतो हो माझा.