आण्णांच्या बंदुकीतली जाड स्प्रिंग

गुरुवार, १९७२, संध्याकाळ

चुलते आण्णांनी छऱ्याची बंदूक फक्त चामडी वॉशर बदलायला दिली होती. मी हौसेनं जाड स्प्रिंगही बसवली. आधी पत्र्याच्या डब्याला नुसता पोचा यायचा, आज छर्रा आरपार गेला!

दुपारी आण्णा बंदूक घेऊन गेले. "लई ब्येस! उद्या ती गाय ज्वारीत शिरू दे, ढुंगनावरच हाणतो." शेजाऱ्याच्या गाईला ते नेहमीच असं हाकलतात. आजवर तिला चटकाच बसायचा.

मी हसलो. स्प्रिंगबद्दल बोललोच नाही. का? डब्याचं ते भोक डोळ्यांपुढून हलत नाही.

गाय पहाटेच शिरते. आत्ताच सायकल काढतो. पण लाज याची, की गाईपेक्षा स्प्रिंग काढावी लागेल याचीच हळहळ जास्त वाटतेय.