मायच्या नावाची घागर

कामरगाव, ३ एप्रिल १९३८

ती. ताईस जानरावाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

वांगी चांगली धरली आहेत, पण विहिरीनं तळ गाठला. गाळ काढल्याशिवाय मळा जगत नाही. गडी म्हणतात, आधी मालकानं उतरून आसरांना, पाण्यातल्या देवींना, खण-नारळ ठेवावा, मग आम्ही उतरू. रीतच तशी आहे. आणि मी तर काठावरून वाकूनही बघत नाही. परवा शेजारचा उकंडराव चारचौघांत म्हणाला, एवढा बाप्या माणूस काहून भेऊन राह्यला. मी दाढ दुखते म्हणून घरी आलो. हसू नकोस, उपाय सांग.

तुझा जानराव

शिरपूर, ९ एप्रिल

चि. जानरावास अनेक आशीर्वाद.

दाढेचं वाचून हसलेच, खोटं कशाला बोलू. आता ऐक. रोज सकाळी डोळे मिटून बस आणि मनातल्या मनात विहिरीत उतर. काय दिसतं ते स्वतःलाच गोष्टीसारखं सांग. छाती धडधडली की त्याच पायरीवर बसायचं, दुसऱ्या दिवशी तिथून पुढे. सासूबाईंसमोर तोंड उघडायला मी अशीच शिकले; आधी मनात शंभरदा बोलले. काय दिसतं ते कळव.

तुळसाबाईचे आशीर्वाद

कामरगाव, १९ एप्रिल

ती. ताईस सा. न.

नऊ दिवसांत तळाला पोचलो. तिथं माय बसलेली असते, पाठमोरी, ओल्या लुगड्यात. मला पाण्याची भीती नाही, हे छत्तिसाव्या वर्षी कळलं. इतकी वर्षं मला न्यायला का आला नाहीस, असं ती विचारील, याची भीती आहे. काल धीर करून हाक मारली. ती वळली, तर चेहरा तुझा, लहानपणीचा. हे काय असावं?

जानराव

शिरपूर, २४ एप्रिल

चि. जानरावास आशीर्वाद.

चेहरा माझा, कारण गोष्ट माझी. माय तापाच्या साथीत गेली, गावाबाहेरच्या झोपडीत. तू पाच वर्षांचा, मी अकराची. तू मायजवळ न्या म्हणून रडायचास आणि सारखा विहिरीकडे पळायचास. मी सांगितलं, मायला आसरांनी नेलं, काठाशी गेलास तर तुलाही नेतील. वाटलं, रडणंही थांबेल आणि पोर विहिरीपासून लांब राहील. मोठी शहाणी मी! आसरांनी नेलेल्यांना आसराच पाणी देतात, हेही मीच जोडलं. म्हणून बाबा गेल्यापासून अखजीला, अक्षय्य तृतीयेला, पितरांना पाणी देताना तू त्यांचीच घागर भरतोस, मायची नाही. मला दिसत होतं, पण लाजेनं गप्प बसले. जमलं तर क्षमा कर.

तुळसा

कामरगाव, ४ मे

ती. ताईस सा. न.

रागावलो होतो, म्हणून उत्तराला उशीर. अखजीच्या सकाळी उतरलो. खण-नारळ ठेवला. खाली गाळ, मोटेचा तुटका दोर आणि झऱ्याचं गार पाणी, बाकी कोणी नव्हतं. भीती गेली. पण एकतीस वर्षं माय तिथं होती, तीही गेली, आणि मी पायरीवर बसून लेकरासारखा रडलो.

त्याच झऱ्याच्या पाण्यानं मायची घागर भरून बाबांच्या घागरीशेजारी ठेवली. इतक्या वर्षांची तहान एका घागरीनं कुठली भागते? पाणी देताना मायचं नाव घेऊन डोळे मिटले, तर पुन्हा तूच दिसलीस. मला तिचा चेहरा आठवत नाही, ताई. तुला आठवतो. ती कशी दिसायची ते लिही. या वेळी गोष्ट करू नकोस.

राग उतरला आहे, माया होती तेवढीच आहे.

तुझाच जानराव