तीस पौंडांचा दोर

शनिवार, २४ मे

दिसली! मोसमाच्या पहिल्याच सकाळी, लव्हाळ्याच्या काठाला. माझ्या आमिषामागून बोटीपर्यंत आली, थांबली, माझ्याकडे नीट बघितलं आणि सावकाश खाली गेली. मी तोंड उघडं टाकून उभी. रुडी मागे सँडविच खात होता, पण त्यालाही दिसली. "पन्नास इंच," म्हणाला. मग घास गिळून, "एक्कावन्न." हा माझा थोरला भाऊ दुसऱ्यांच्या माशातून नेहमी दोन इंच कापतो. त्यामुळे एक्कावन्न म्हणजे एक्कावन्नच!

चाळीस वर्षं मस्कीच्या, आमच्या तळ्यातल्या या दांडग्या शिकारी माशाच्या, मागे आहे. माझी सगळ्यात मोठी पंचेचाळीसची. एकदाच पन्नासच्या वरची हातात धरायची, मोजायची आणि परत पाण्यात सोडायची. इथे मस्की कोणी खात नाही. पोहत परत गेली तरच धरली म्हणायची.

रविवार, २५ मे

काही नाही. दोन बिअर, एक सर्दी.

मंगळवार, २७ मे

मला कळलं तिचं काय चाललंय. आमिष फार मोठं आहे! अंडी घालून झाली की या बायांना खायचा कंटाळा असतो, वीतभर लाकडी मासा बघायला येतात आणि निघून जातात. बोटाएवढं काहीतरी हवं. हरणाच्या शेपटीचे केस लावलेली छोटी चमकी काढली आणि धक्क्यावरून फेकून बघितली. पायापाशी पडली! माझ्या रिळावर ऐंशी पौंडांची ओढ सोसणारा जाड दोर, आणि चमकी अर्ध्या औंसाची. दोरच तिला जाऊ देत नाही.

पोलिनच्या दुकानात गेले. आमिषं, रॉड, दोर, कॉफी, गावातल्या बातम्या – सगळं एकाच टेबलावर. म्हटलं, "बारीक दोर दे. तीस पौंडांचा."

"पन्नासचा घे."

"पन्नासने चमकी अर्ध्यावर पडते."

"अगं, मग अर्ध्यावर पडू दे. बोट जरा पुढे घे."

आम्ही दोघी हसलो. पण जाताना ती म्हणाली, "आर्डिस, बाकीचे तुटायला घाबरतात. मला भीती वेळाची वाटते. बारीक दोराने मासा आणता येत नाही, नुसता फिरवत बसावं लागतं."

मी म्हटलं, मी रिटायर झालेय, मला कसली घाई! तीसच घेतला.

बुधवार, २८ मे

रुडी चिडलाय. "ही मस्की आहे, धाकटे, पतंग नव्हे." मग दिवसभर बोलला नाही, म्हणजे दोनदाच बोलला.

रविवार, १ जून

आज मी जिंकले! नीट लिहून ठेवते, कारण रुडी उद्या नाकबूल करणार.

त्याच्या गॅरेजमध्ये हरीण तोलायचा काटा टांगलेला असतो. त्याला माझा तीसचा दोर बांधला, खाली वाळूची बादली, आणि रुडी वाळू ओतत गेला. पंचवीस. अठ्ठावीस. एकतीस! चौतीसला तुटला. गाठ शाबूत! रुडी म्हणाला, बादली खोटं बोलते.

मग मी म्हटलं, आता तुझा ऐंशीचा आण. त्याला चमकी बांधली, चमकीचा गळ गाडीच्या मागच्या कडीत अडकवला आणि म्हटलं, खेच. त्याने खेचला. दोर ठीक, गाठ ठीक – आणि गळ सरळ! टाचणीसारखा सरळ. छोट्या आमिषाला बारीकच गळ असतो, त्याला ऐंशीचा दोर काय कामाचा? उलट रिळाची पकड सैल ठेवायची, ती पळेल तेव्हा दोर सोडायचा.

रुडीने तो सरळ झालेला गळ बराच वेळ बोटात फिरवला. "बरं," म्हणाला. अडुसष्ट वर्षांत पहिल्यांदा.

गुरुवार, ५ जून

तीसचा दोर म्हणजे स्वप्न आहे! चमकी जवळजवळ दुप्पट लांब जाते आणि पाण्यात अशी थरथरते की मलाच खावीशी वाटली. छत्तीस इंचाची एक धरली, पाच मिनिटांत जाळीत, लगेच सोडली, शेपटीने रुडीची कॉफी सांडली. पोलिनला सांगितलं. ती म्हणाली, "छत्तीस म्हणजे लेकरू गं. आणि आत्ता पाणी थंड आहे."

सोमवार, ९ जून

वारा.

शनिवार, १४ जून

आली!! लव्हाळ्याच्याच काठाला. बोटीपाशी तिला भुलवायला रॉडच्या टोकाने पाण्यात आठचा आकडा काढत होते, पहिला फेरा, दुसरा फेरा – आणि ती वळणावर चमकीला नाकाने ढकलून गेली. तोंड उघडलं नाही. मी मटकन बोटीतल्या बर्फाच्या पेटीवर बसले. रुडी म्हणाला, "रड हवं तर. मी कोणाला सांगणार नाही." संध्याकाळी अख्ख्या गावाला माहीत.

बुधवार, १८ जून

उकाडा. जूनमध्ये असा उकाडा मला आठवत नाही. पाण्याचा पारा ७५ फॅरनहाइट.

शुक्रवार, २० जून

पारा ७८. शुक्रवारची तळलेली मासळी खायला सगळे गुत्त्यात जमले होते, आणि बोलणं एकच. इथली रीत आहे – पाणी ऐंशीला गेलं की मस्कीवाले रॉड भिंतीला टांगतात, थेट सप्टेंबरपर्यंत. गरम पाण्यात दमलेला मासा सोडला तरी पुन्हा सावरत नाही. पोलिनने आजच टांगला. म्हणाली, "अठ्ठ्याहत्तर आणि ऐंशीत काय फरक आहे, आर्डिस?"

दोन, मी म्हटलं. सगळे हसले. मी खरंच तेवढाच हिशेब करत होते. दोन अंश म्हणजे दोन दिवस.

रविवार, २२ जून

साडेएक्कावन्न!!!

सकाळी सहा वाजून दहा मिनिटं, पारा ७९. माझी तिसरी फेक. चमकी लव्हाळ्याला घासून पडली, मी चार वळसे गुंडाळले आणि अडकली असं वाटलं. मग अडकलेलं ते चालायला लागलं!

पहिल्या धावेत तिने माझा निम्मा दोर नेला. रिळ असं ओरडलं की पलीकडच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला. मी पकड आवळली नाही, शहाण्यासारखी सैलच ठेवली. ती गेली, मी आणली, ती गेली, मी आणली. एकदा हवेत पूर्ण बाहेर आली – तशी आमच्या बाबांनीसुद्धा पाहिली नसेल. दोर गिटारच्या तारेसारखा ताणलेला, आणि तुटला नाही! चौतीसपर्यंत तुटणार नाही हे मला माहीत होतं, मी मोजलेलं होतं!

रुडी जाळी घेऊन उभा होता. मध्येच म्हणाला, "जरा जोर लाव, धाकटे." मी म्हटलं, गळ सरळ होईल. पुढे तो नुसता घड्याळ बघत होता. अठ्ठावीस मिनिटं लागली.

जाळीतच ठेवून गळ काढला. पट्टीवर साडेएक्कावन्न. फोटोत मी वेडी दिसते. मग रुडी पोटावर आडवा झाला आणि तिची शेपटी धरून पाण्यात पुढेमागे, पुढेमागे करत राहिला. बराच वेळ. कल्ले हलत होते. ती एका कुशीवर व्हायची, तो सरळ करायचा. शेवटी एकदा शेपटी झटकली आणि गेली, हळू, खाली, हिरव्यात. मी इतकी ओरडले की आवाज बसला.

चाळीस वर्षं! आज मरण आलं तरी चालेल. नको, उद्या पोलिनला सांगायचंय.

सोमवार, २३ जून

फोटो पोलिनच्या दुकानात कॉफीच्या यंत्रावर लागला! दिवसभर माणसं येऊन हात मिळवत होती. तीसचा दोर तिच्याकडचा संपला, सगळ्यांना तोच हवा. रुडी दुपारी आला. पहाटेच एकटा बोट घेऊन गेला होता म्हणे, त्याच्या धक्क्याची एक फळी सैल झालीय, ती पाण्याच्या बाजूने बघायला. माझ्या माशाची गोष्ट त्याने मला सांगू न देता स्वतः तीनदा सांगितली. सोडल्यावर ती बाणासारखी सुटली, असं सांगतो. असू दे. त्याने कोणाच्या माशाला असा मान दिलेला मी पाहिला नाही.

मंगळवार, २४ जून

जाळी आणायला रुडीकडे गेले. तो घरात नव्हता. धक्क्याच्या सगळ्या फळ्या घट्ट होत्या. मागे रास्पबेरीच्या वाफ्यात ताजी माती, एक्कावन्न इंचांहून जरा लांब, आणि कडेला मस्कीच्या कल्ल्याचा एक तुकडा कोल्ह्याने उकरलेला. मी माती पायाने नीट केली आणि तिथेच बसून रडले.

मग दुकानात गेले. रुडी कोणा पाहुण्याला सांगत होता. मला बघून थांबला. "आर्डिस, कशी गेली ती, तूच सांग यांना."

मी सांगितलं, बाणासारखी.