ठिगळने कागद सोडला

२ जून

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

टोपली तुझ्या हातात कोंबली आणि गाडी सुटेल म्हणून पळ काढला, असं दादाने मोठ्या अभिमानाने सांगितलं. टोपलीत काय आहे ते एव्हाना कळलंच असेल. अंग पांढरं, डाव्या डोळ्यावर तपकिरी डाग, म्हणून नाव ठिगळ. आमच्या प्रयोगशाळेमागे एका पाइपात कुडकुडत बसला होता. मी त्याला वसतिगृहात आणलं. रेक्टरबाईंनी त्याला माझ्या कपाटात पकडलं आणि कुत्रा किंवा तू, दोघांपैकी एकच इथे राहील, असं बजावलं. कुत्रा चालेल अशी खोली मिळेपर्यंत त्याला सांभाळ, एवढंच मागणं.

तुला त्रास काही नाही. मी त्याला अगदी तयार केलंय. तो शू करतो ती फक्त वर्तमानपत्रावर. जमिनीवर कागद दिसला की शहाण्यासारखा जाऊन बसतो, इकडेतिकडे एक थेंब नाही. आणि मावशी, ओरडायचं मात्र नाही हं. शिक्षेने जीव फक्त लपायला शिकतो, कौतुकाने शिकलेलं टिकतं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. त्याचं काम झालं की टाळ्या वाजवायच्या. काकांनाही सांग.

लोभ आहेच, थोडा टोपलीकडेही वळव.

तुझी
शहाणी

६ जून

चि. शहाणी हिस,
अनेक उ. आशीर्वाद.

आपल्या घरातली पहिली पदवीधर तू, म्हणून तुलाच विचारते. तुझी मावशी दिवसभर काय करते, ते कॉलेजात गेल्यावर विसरलीस की काय? अगं, माझा शिवणक्लास! पोरी पुढच्या खोलीत जमीनभर वर्तमानपत्रं पसरून सदरे-फ्रॉकचं कटिंग करत बसतात. ठिगळने उंबरा ओलांडला, चौफेर नजर फिरवली, आणि त्याचा चेहरा असा काही फुलला, की विचारू नकोस. जिकडे बघावं तिकडे त्याचीच सोय! पहिला मान सदऱ्याच्या कॉलरला मिळाला, दुसरा बाहीला. खोटं कशाला बोलू, आखलेल्या रेघेबाहेर थेंब नव्हता. माझ्या पोरींना इतकं रेघेत काम अजून जमत नाही. वर मान उंचावून आमच्याकडे बघत बसला, टाळ्यांची वाट पाहत.

तुझे काका म्हणतात, पोरगी दिवसभर गावाचं पाणी तपासते, थोडे नमुने इथूनही पाठवू का विचार.

पण हसण्यावारी नेऊ नकोस. महिनाअखेरीस परीक्षकबाई यायच्या आहेत. त्यांनी पसंत केलं तरच क्लासला मान्यता आणि पोरींना प्रमाणपत्रं. या मान्यतेसाठी मी किती खेटे घातलेत ते तू बघितलंयस. त्या दिवशीही जमीनभर कागदच असणार. तोवर याची खोड गेली नाही, तर दूधवाला त्याला गोठ्यावर न्यायला तयार आहे. रागावू नकोस.

तुला आशीर्वाद. कुत्र्याला सध्या नाहीत.

तुझी
मावशी

१० जून

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पत्र वाचताना आधी हसले, मग गोठ्यापाशी आले आणि हसू आटलं. त्याला नको गं पाठवू. कागद मी शिकवला, तर तो सोडवायचा उपायही मीच सांगते.

झोपून उठला, खाऊन झालं, खेळून झालं, की लगेच उचलून अंगणात न्यायचं. तिथे केली की टाळ्या, अगदी जोरात. आत केली तर एक शब्द नाही, गुपचूप पुसायचं. मग एक दिवस तो आपणहून दाराशी जाऊन कुंईकुंई करेल. तेव्हा हातातलं काम टाकून उठायचं, काहीही झालं तरी. त्याने मागितलं आणि दार उघडलं नाही, तर मागून काही होत नाही असं त्याला वाटेल, आणि पुन्हा तो मागणारच नाही. माणसांचंही असंच असतं. हसलीस ना? हस.

खोली शोधतेच आहे. काल एक घरमालक म्हणाले, कुत्रा चालेल, पण एकटी मुलगी चालणार नाही.

रागात का होईना, आठवण ठेव.

तुझी
शहाणी

१९ जून

चि. शहाणी हिस,
अनेक उ. आशीर्वाद.

टाळ्या वाजवून तळहात लाल झाले. साहेब अंगणात गेले की अख्खा क्लास कात्र्या टाकून मागे धावतो. समोरचे निवृत्त मास्तर त्याच सुमारास फिरायला निघतात. टाळ्या आपल्यासाठीच आहेत, असा त्यांचा समज झालाय. काल इस्त्रीचा कोट घालून आले आणि फाटकाशी थांबून चक्क वाकले! आता त्यांना खरं कोणी सांगायचं?

तुझे काका रुसलेत. परवा स्वतःची कपबशी स्वतः विसळली आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. हलेचनात. शेवटी वाजवल्या मी. दुसऱ्या दिवशी पातेलंही घासलं. तुझ्या पुस्तकात नवऱ्यांवर धडा असेल तर उतरवून पाठव.

ठिगळ आता दाराशी जाऊन मागायला लागलाय. पण कागद दिसला की पाय अजून अडखळतात. परीक्षा तोंडावर आली.

सुखी राहा, आणि आमच्यासाठी देव पाण्यात ठेव.

तुझी
मावशी

१ जुलै

चि. शहाणी हिस,
अनेक उ. आशीर्वाद.

तुझं उत्तर यायच्या आत लिहितेय, धीर धरवत नाही.

परीक्षकबाई काल आल्या. साडीला कडक खळ, चेहऱ्याला त्याहून कडक. ठिगळला मागच्या खोलीत काकांच्या ताब्यात दिलं होतं. काकांना लागली डुलकी. इकडे बाईंनी क्लासमधल्या सगळ्यात घाबरट पोरीला, आमच्या भित्रीला, कॉलरबद्दल विचारलं, तर तिने मूग गिळलेले. बाई माझ्याकडे वळल्या, मुलींना बोलतं का नाही केलंत म्हणून. एवढ्यात स्वारी दारात हजर. समोर कागदांचा समुद्र. तो त्यातून चालत निघाला, एका फ्रॉकपाशी थांबला, वास घेतला, एक गोल गिरकी मारली. सगळ्या पोरींनी श्वास रोखले. मग काय वाटलं त्याला कोण जाणे, सुसाट पुढच्या दाराशी गेला आणि कुंई करून माझ्याकडे बघायला लागला.

बाई म्हणाल्या, कुत्र्याचं राहू द्या, आधी उत्तर द्या. शहाणे, तुझं पत्र आठवलं. मी त्यांना जरा थांबा म्हटलं आणि दार उघडून बाहेर पडले! तो आपला निवांत, गवताचं पान न् पान हुंगत होता. मी मनात म्हटलं, गेली मान्यता. शेवटी एकदाचं झालं, आणि खिडकीतून पोरींनी सवयीने टाळ्यांचा कडकडाट केला.

खाली मान घालून आत आले, तर भित्री बोलत होती! टाळ्या कशाच्या, असं बाईंनी विचारलं, आणि तिचा बांध फुटला. कागदाची सवय कशी लागली, ती कशी मोडली, कुठल्या कॉलरची वाट लागली, आणि तीच कॉलर तिने पुन्हा कशी आखली, गळा किती, उतार किती, सगळं एका दमात. बाई चक्क जमिनीवर बसून ऐकत होत्या.

मान्यता मिळाली गं! दूधवाल्याला नको म्हणून काकाच परस्पर सांगून आले.

आज आशीर्वाद दोघांनाही.

तुझी
मावशी

७ जुलै

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी प्रयोगशाळेत मोठ्याने वाचलं. आमचे साहेब हसता हसता स्टुलावरून घसरले.

मलाही खोली मिळाली. तळमजला, पुढे थोडी माती, आणि मालकीण कुत्र्यांवर जीव टाकणारी. मी वेड्यासारखी नाचले. त्याच्यासाठी चटई आणली, लाल पट्टा आणला. आणि काल तुझं पत्र पुन्हा वाचताना एका जागी अडकले. तो दाराशी गेला, आणि तू उठलीस. मावशी, मी सकाळी निघते ती संध्याकाळी परतते. मधल्या वेळात तो माझ्या दाराशी उभा राहून मागेल, आणि घरात कोणीच नसेल. मग काय होतं, ते मीच तुला लिहिलंय.

म्हणून त्याला ठेवून घे. सांभाळायला म्हणून नव्हे, तुमचाच म्हणून. हे लिहिताना अक्षर जरा बिघडलंय, तिकडे लक्ष देऊ नकोस. मी आनंदातच आहे, अगदी खरं.

रविवारी पट्टा घेऊन येतेय. त्या दिवशी तो दाराशी गेला, तर तू उठायचं नाहीस, काकांनी उठायचं नाही, पोरींनीही नाही. उघडणार मी.

लोभाची वाटणी आता वाढली. माझा हिस्सा तेवढा कमी करू नकोस.

तुझी
शहाणी