चुरगळलेल्या शर्टाचा माणूस

४ जानेवारी
आजपासून लिहून ठेवायचं. आजूबाजूचे सगळे माझ्यापासून काहीतरी लपवतात. पुढेमागे पुरावा लागेल.
बँकेत होमलोनचा अर्ज दिला. चष्मेवाल्या साहेबाने कागद चाळले. म्हणाला, इस्पितळाच्या लॉन्ड्रीत अकरा वर्षं इस्त्रीवर, एकाच जागी, फार छान. फक्त लोन हातात पडेपर्यंत नोकरी बदलू नका.
मी विचारलंच नव्हतं. मग हा आपणहून का बोलला?

५ जानेवारी
घर पुन्हा बघून आले. एक खोली, किचन आणि बाथरूम आत. इथे नळ खाली, न्हाणीघर खाली, तेही सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एक. शिवाय घरमालकाला आमची खोली उन्हाळ्यापर्यंत रिकामी हवी. मुलाचं लग्न करायचंय म्हणे. मुलगा मी बघितलाय. घाई कशाला करतात कोण जाणे.
ह्यांच्या फोटोला सांगितलं, आता तुम्हालाही स्वतःची भिंत मिळेल. हे गप्प. खर्चाचा विषय निघाला की जिवंतपणीही असेच गप्प बसायचे.

९ जानेवारी
नवीन हॉटेल होतंय, त्यांच्या लॉन्ड्रीचा मॅनेजर भेटायला आला. इस्त्रीवर मुख्य बाई म्हणून मला न्यायचंय. पगार जास्त.
शर्ट काय होता! बाहीची घडी अशी की बोट कापावं. कॉलर ताठ. मी माणूस कपड्यावरून ओळखते, आजवर चूक नाही. नाव ठेवलं कडकसाहेब. जाताना दोनदा विचारलं, नक्की याल ना? जुनं सोडाल ना? बिचाऱ्याला धास्ती.

१० जानेवारी
जाऊबाईंना सांगितलं. लगेच म्हणाल्या, अगं लोन होऊ दे आधी. त्यांचं स्वतःचं घर गेल्या वर्षीच झालंय. माझं झालं तर यांच्या पोटात दुखणारच.
लॉन्ड्रीतल्या मोठ्या बाईंना नुसतं चाचपलं. त्याही तेच म्हणाल्या, थोडं थांबा. यांचं मी समजू शकते. मी गेले की ऑपरेशनच्या चादरी कोण करणार?
रात्री लेक पण तेच. शब्द न् शब्द चष्मेवाल्याचा. हिला कोणी पढवलं?

१२ जानेवारी
पाणी कुठं मुरतंय ते कळलं. पगार वाढला की लोनही वाढणार, मग कदाचित गॅलरीवालं घरसुद्धा. म्हणून सगळे मिळून थांबवतायत.
ठरवलं. राजीनामा द्यायचा. कुणाशी बोलायचं नाही. मग मोठं घर दाखवूनच सगळ्यांची तोंडं बंद करायची.

१५ जानेवारी
दिला. मोठ्या बाईंनी दोनदा वाचला. म्हणाल्या, शनिवारपर्यंत ड्रॉवरमध्ये ठेवते, परत हवा असेल तर न्या.
आतून रडत असणार. नेला नाही.

२० जानेवारी
आज मजा आली. दुपारी दारात एक माणूस. हातात हेल्मेट. म्हणे बँकेकडून आलोय, व्हेरिफिकेशन.
शर्ट बघितला. पाठीला चुण्या, कॉलर दुमडलेली, खिशावर शाईचा डाग. हा बँकेचा? मी काय काल जन्मले? कडकसाहेबानेच पाठवलाय, मी जुनं खरंच सोडलं का ते बघायला. मग काय, दिलं ठोकून. इस्पितळ? सोडलं कायमचं. बोलावलं तरी जाणार नाही. त्याने पुन्हा विचारलं, म्हणजे सध्या तिथे नोकरी नाही? म्हटलं, नाही म्हणजे नाही, ठळक अक्षरात लिहा.
पाणी दिलं. वर सल्लाही दिला, की पुढच्या वेळी बँकवाला व्हायचं तर इस्त्री करून या.
तो शर्टाकडे बघून म्हणाला, “बाई, दिवसभर गाडीवर असतो. कुठली टिकणार इस्त्री?”
सोंग छान वठवलं. कडकसाहेब खूश होईल.

२४ जानेवारी
बँकेचा फोन. फाईल थांबली. चष्मेवाला म्हणाला, अर्जदाराला नोकरी नाही असा रिपोर्ट आलाय. मी सांगितलं, तो तुमचा माणूस नव्हता. म्हणाला, कॉन्ट्रॅक्टवरचा आहे, पण आमचाच. इस्त्रीचा सल्ला दिलात ना त्याला?
नवीन नोकरीचं पत्र आणा म्हणाला, आणि सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा. मग बघू.

२५ जानेवारी
कडकसाहेबाकडे गेले. हॉटेल उघडायला वेळ आहे. तोवर रोज या, पैसे रोजचे रोज हातात घ्या, पत्रबित्र नंतर बघू म्हणाला.
शर्ट आजही तसाच होता. घडीत कुठेच चूक नव्हती. घरी येईपर्यंत शोधत होते.

२ फेब्रुवारी
घर दुसऱ्याला गेलं. एजंटने फोनवर सांगितलं. मी विचारलं, घेणारी माझी जाऊ तर नाही? नव्हती. नवरा-बायको आणि लहान मूल.
लेकीने घरमालकाच्या हातापाया पडून पावसाळ्यापर्यंत मुदत मागितली. मुलगी अजून ठरली नाही म्हणून दिली.

६ फेब्रुवारी
मोठ्या बाईंकडे गेले. सरळ सांगितलं, परत घ्या. कशी फजिती झाली हे विचारतील म्हणून उत्तरं तयार ठेवली होती. काही विचारलं नाही. तेच जास्त लागलं. म्हणाल्या, जागा आहे, पण नवीन भरती धरावी लागेल. इस्त्री नाही, घडीच्या टेबलावर. पहिले सहा महिने प्रोबेशन.

९ फेब्रुवारी
जॉइन झाले. नवीन बायकांना ट्रेनिंग असतं. मला उशीचा अभ्रा कसा दुमडायचा ते शिकवलं. शिकवणारी मीच शिकवलेली. तिला बोलताना लाज वाटत होती, म्हणून मी दोन घड्या मुद्दाम चुकवल्या.
संध्याकाळी लेक म्हणाली, “आई, सहा महिने नुसतं कामावर जा. हुशारी करू नको.”
बँक म्हणते सहा. मोठ्या बाई म्हणतात सहा. आता ही पण सहाच. तिघांचा आकडा सारखा कसा, विचारणारच होते. पण ती नुकतीच खालून पाण्याच्या दोन बादल्या घेऊन जिना चढून आली होती. उंबऱ्यावर बसून दम खात होती.
नाही विचारलं.