एका ओळीचा फॉर्म

प्रिय लोरेन,

गॅलप गावच्या त्याच पेट्रोल पंपावर बसून लिहितोय. इथेच तू "कॉफी आणते" म्हणून उतरलीस, ती परत आलीच नाहीस. तीन तास मी वाट पाहिली. मग गाडीत मागे वळून पाहिलं, तर तुझी रंगांची पेटी जागेवर नव्हती, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. असा मी शहाणा.

चार दिवस तुझ्या बहिणीला फोन करतोय. रोज एकच उत्तर, "ती आंघोळीला गेलीय." आज मी म्हटलं, "अगं ॲडा, चार दिवस कसली आंघोळ?" तर म्हणते, "एकतीस वर्षांच्या संसाराचा मळ आहे बाबा, वेळ लागतो." मी फोन ठेवला.

झोप लागत नाही. मागची सीट काढून आपण प्लायवुडचा पलंग ठोकला, तो अरुंद पडतो म्हणून ओहायोपासून तू कुरकुरत होतीस. आता अख्खा पलंग माझा आहे आणि तरी मी कडेलाच अंग चोरून पडतो. काल इथले लाल डोंगर काढले, शाईच्या नुसत्या रेघा. रंगही मीच भरून पाहिला. डोंगर कसले, टोमॅटो सॉस सांडल्यासारखं दिसतंय. रेघा माझ्या, रंग तुझे, असंच आपलं आजवर चाललं. तुझ्या रंगांशिवाय माझ्या रेघांना कुत्रं विचारणार नाही, हे मला आधीपासून ठाऊक होतं. त्याचीच भीती वाटायची.

सँटा फेच्या चित्रांच्या गॅलरीत आपली बावीस चित्रं आणि खाली माझं एकट्याचं नाव. गॅलरीवाल्यानं तुला विचारलं, "तुम्हीसुद्धा काढता का काही?" तू हसून म्हणालीस, "मी? मी याची कॉफी करते." तेव्हा तू माझ्याकडे पाहत होतीस. मी एक शब्द बोललो असतो तरी पुरे होतं. मी भिंतीकडे बघत राहिलो. नंतर गाडीत तुला सांगितलं, की गॅलरीच्या फॉर्मवर चित्रकाराच्या नावासाठी एकच ओळ होती, मी तरी काय करणार? तू नुसतं "बरं" म्हणालीस.

परवा मी तिथे परत गेलो. नाव बदला म्हटलं. तो म्हणाला, "काका, पत्रकं छापून झाली, आता कशाला?" मग मी सगळी चित्रं उतरवून आणली. ती पलंगाखाली आहेत. माझा तोच फॉर्मही मागून घेतला, तो या पाकिटात घातलाय. हे पत्र त्याच्यासाठीच लिहिलं. नीट बघ लोरेन, ओळी दोन होत्या. दुसरीवर मी तुझं नाव लिहिलं होतं, मग खोडलं. खाडाखोडीखालून अजून वाचता येतं. हे लपवून तुला बोलावलं असतं, तर तू कदाचित आली असतीस, पण मला तसं नको. शुक्रवारपर्यंत मी पंपावरच आहे.

'तुझाच' लिहायला हात धजत नाही, पण दुसऱ्या कोणाचाही नसलेला,
एमेट