डब्यातल्या एकेचाळीस चिठ्ठ्या

४ ऑगस्ट, सोमवार

आजपासून रोज लिहायचं. मोजकंच. ही गेल्याला सात आठवडे झाले. मी ठीक आहे. सगळ्यांना तसं सांगितलं आहे.

ही विज्ञान शिकवायची त्या शाळेतून हिच्या टेबलातलं सामान आलं. त्यात एक पत्र्याचा डबा. झाकणाला फट पाडलेली, वर हिच्या अक्षरात 'प्रकाश : काहीही विचारा'. आत गेल्या वर्षी सातवीत असलेल्या मुलांच्या चिठ्ठ्या. मोजल्या. एकेचाळीस.

म्हणजे मुलं उत्तरांची वाट बघत बसली आहेत. हिने कधी काम अर्धवट सोडलं नाही. हे एवढं राहिलं. ते मी पुरं करणार. सव्वीस वर्षं चष्म्याच्या काचा घासतोय, प्रकाश हा माझा रोजचा धंदा. दिवसाला चार धरल्या तर अकरा दिवसांत संपतात.

हिच्या जागी आलेल्या नवीन बाईंना फोन केला. म्हणाल्या, काका, अवश्य या, मुलांना आवडेल. बावीस तारीख, शुक्रवार, तिसरा तास.

नियम : मोबाइलवर उत्तरं शोधायची नाहीत. ती कॉपी झाली. हिला कॉपी खपत नसे. हिची पुस्तकंही उघडायची नाहीत. समासात हिचं अक्षर आहे, लक्ष विचलित होतं.

५ ऑगस्ट, सकाळी

पहिली चिठ्ठी. आकाश निळं का दिसतं? सोपं आहे. समुद्राचं प्रतिबिंब. पाच मिनिटांत निकाल लावला. शिल्लक चाळीस.

५ ऑगस्ट, संध्याकाळी

इथे समुद्र नाही. जवळपास कुठेच नाही. आकाश तरी निळंच. शिल्लक एकेचाळीस.

७ ऑगस्ट

आरशात डावं-उजवं उलटं दिसतं, मग डोकं खाली आणि पाय वर का दिसत नाहीत? कारण आपले डोळे आडव्या ओळीत आहेत. हे चष्मेवाल्यालाच सुचणार. खात्री करण्यासाठी एक डोळा झाकला. तरी उलटंच. मग कपाटाच्या आरशासमोर फरशीवर कुशीला आडवा झालो. तेवढ्यात लेकीचा व्हिडिओ कॉल आला आणि धांदलीत उचलला गेला.

लेक ओरडली, बाबा, पडलात का? म्हटलं, नाही, प्रयोग चाललाय. ती म्हणाली, पायात बूट, अंगात दुकानाचा शर्ट, आणि फरशीवर लोळून कसला प्रयोग? मी उद्या येते. म्हटलं, येऊ नकोस, माझ्या एकेचाळीस बाकी आहेत. तिने दोनदा विचारलं, एकेचाळीस काय? नेटवर्क असेल.

त्या कपाटात हिचे कपडे आहेत. दार उघडलं नाही. प्रयोगाला गरज नव्हती.

९ ऑगस्ट

गेल्या आठवड्यात चष्मा नेलेले शिंपी परत आले. म्हणाले, अहो, फरशी चढावर गेलीय माझी. कापड सरळ कापतो ते तिरकं निघतं, गिऱ्हाईक म्हणतं तुम्ही म्हातारे झालात. काच तपासली. तिरप्या नंबरची काच, एकशे पंचेचाळीसच्या कोनात बसायला हवी होती, पस्तीसला बसली आहे. म्हणजे मी खूण मागच्या बाजूने केली. आरशात दिसेल तशी, नेमकी उलटी. सव्वीस वर्षांत असं झालं नव्हतं.

मालक म्हणाले, थोडे दिवस रजा घ्या. म्हटलं, रजेची गरज नाही, काच फिरली आहे, मी नाही. मालक म्हणाले, काच काय पाय फुटून फिरली? मी काच पुन्हा घासायला घेतली. हा प्रश्न डब्यातला नव्हता.

१२ ऑगस्ट

तीन दिवस एकाच चिठ्ठीवर आहे. दिवा बंद केल्यावर खोलीतला प्रकाश जातो कुठे?

बरंच बघितलं. लावला, बंद केला. लावला, बंद केला. समोरच्या बाल्कनीतल्या आजींनी विचारलं, वायरिंग गेलंय का हो? शेवटी सापडलं. प्रकाश भिंतीत मुरतो आणि भिंत किंचित गरम होते. सिद्ध करण्यासाठी हिच्या आजारपणातला थर्मामीटर भिंतीला लावला. काहीच आकडा आला नाही. यंत्र बिघडलं असेल म्हणून स्वतःच्या काखेत लावला. सत्त्याण्णव पॉइंट आठ. लेकीला कळवलं की मला ताप नाही. तिने विचारलं, तुम्हाला बरं वाटत नव्हतं का? म्हटलं, मी भिंतीबद्दल बोलतोय. चूक झाली. आता ती रोज दोनदा फोन करते.

सिद्ध झालं नाही. शिल्लक एकेचाळीस.

१६ ऑगस्ट

एक सुटली! चष्मा काढून आरशात पाहिलं तर मागचं कपाट धूसर का दिसतं, आरसा तर हाताशी आहे? कारण प्रकाश कपाटापासून आरशापर्यंत येतो आणि तिथून डोळ्यापर्यंत. डोळ्याच्या हिशेबाने कपाट लांबच. शंभर टक्के बरोबर.

हे मला येतं, कारण हा प्रश्न पूर्वी एकदा विचारला गेला होता. दुकानात, काउंटरपलीकडून, एका नव्या गिऱ्हाइकाने. पुढे तिच्याशीच लग्न झालं.

आज आणखी काही जमलं नाही. शिल्लक चाळीस.

२० ऑगस्ट

शिल्लक चाळीस. दोन दिवस आहेत. रोज वीस. कठीण आहे, अशक्य नाही.

लेकीने विचारलं, बाबा, डबा तसाच देऊन टाकलात तर काय होईल? म्हटलं, मग हिच्यासाठी करायचं माझ्याकडे काहीच राहणार नाही. ती म्हणाली, बाबा. एवढंच. मी फोन ठेवला. नीट ऐकू येत नव्हतं. पंखा फार जोरात असतो.

२१ ऑगस्ट

शर्टाला इस्त्री केली. आत्मविश्वासाने बोललं की निभावतं. मुलं लहान आहेत. आरशाच्या प्रश्नाला डोळ्यांचंच स्पष्टीकरण ठेवणार आहे. ऐकायला चांगलं वाटतं.

२२ ऑगस्ट, दुपारी

नवीन बाईंनी ओळख करून दिली. मी पहिली चिठ्ठी वाचली. आकाश निळं का? पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, काका, हे झालंय. दुसरी वाचली. मागून आवाज आला, तेही झालंय. तिसरी वाचताच सगळा वर्ग म्हणाला, झालंय.

मुलगीच सांगू लागली. बाई दर शनिवारी डबा उघडायच्या, सगळ्या चिठ्ठ्यांची उत्तरं द्यायच्या आणि चिठ्ठ्या परत आत ठेवायच्या. टाकून द्यायला त्यांना जिवावर यायचं.

तरी मी आरशाचं सांगितलं, डोळे आडवे असतात म्हणून. वर्ग हसला. वाईट हसले नाहीत. एक जण उठून म्हणाला, आरसा डावं-उजवं बदलतच नाही काका, तो पुढचं मागे करतो. बाईंनी हात दाखवून शिकवलंय. मग सगळ्यांनी हात वर करून मला दाखवलं.

मुलीने विचारलं, तुम्ही तर घरीच होतात, बाईंना कधी विचारलं नाहीत? म्हटलं, नाही, घरी आम्ही दुसरंच बोलायचो. ती म्हणाली, काय? मला आठवेना.

एकेचाळीसच्या एकेचाळीस झालेल्या होत्या. हिने काहीही अर्धवट ठेवलेलं नव्हतं. नवीन बाई म्हणाल्या, डबा राहू दे का वर्गात? म्हटलं, राहू दे.

दुकानात आजची रजा सांगितली होती. घरी आलो, शर्ट बदलला. करायचं काही नाही. अजून दीडच वाजलाय.